झाडूवर बंदी आणि न चमकणारा काळा

इथले बाकीचे नियम अंगवळणी पडले. कुठल्या वारी कुठला कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा, रात्री नळाखाली भांडी किती वाजेपर्यंत वाजवायची, सगळं. पण 'झाडू मारायचा नाही' हा नियम अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

मी स्टोक-ऑन-ट्रेंटला राहते. हे गाव म्हणजे इंग्लंडचा कुंभारवाडा. बाटलीच्या आकाराच्या विटांच्या जुन्या भट्ट्या अजून अधूनमधून उभ्या दिसतात. नवऱ्याची नोकरी इथे, म्हणून आम्ही इथे. आणि संध्याकाळचा वेळ जात नाही म्हणून मी मातीकामाच्या क्लासला जाते. कोल्हापुरातल्या बापट कॅम्पातल्या कुंभाराची पोरगी पैसे भरून चाक शिकते, हे कळल्यावर माझे वडील, आण्णा, किती तरी वेळ फोनवर हसत होते.

तर झाडू. क्लास सुटला, चाकाखाली सुकलेल्या मातीचा चुरा पडला होता. कोपऱ्यात झाडू दिसला, तो मी उचलला. लहानपणापासून हेच केलंय. आमच्या बाई एरवी इतक्या हळू बोलतात की पुढे वाकून ऐकावं लागतं, पण त्या खोलीच्या पलीकडच्या टोकावरून ओरडल्या. झाडू बाहेरच्या पायरीसाठी आहे म्हणे. आत फक्त ओला स्पंज, बादली आणि मॉप. टेबल पुसायचं, पाणी बदलायचं, परत पुसायचं. एप्रन खोलीत झटकायचा नाही. सुकलेल्या भांड्याला कोरडा सँडपेपर लावायचा नाही. मातीची रिकामी पिशवीसुद्धा फटकन दुमडायची नाही, हळू गुंडाळायची. सगळे निमूट करतात. एक आजोबा तर चाकाच्या नट-बोल्टमधली माती टूथब्रशने ओली करून काढतात. माझा अर्धा वेळ मडकी करण्यात जातो आणि अर्धा फरशी पुसण्यात. घरची फरशी मी इतकी पुसत नाही.

कारण सिलिका. मातीतल्या गारेचे अगदी बारीक कण डोळ्याला दिसत नाहीत, झाडूने उडाले की तासन्‌तास हवेत तरंगतात, आणि फुप्फुसात गेले की परत निघत नाहीत. इथे कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीने हवेत घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त अशी धूळ चालत नाही. या गावाने त्याची किंमतही मोजलीय. भांडी पांढरी व्हावीत म्हणून इथले लोक मातीत गारगोटी दळून घालत (भुदरगड तालुक्यातलं गाव नव्हे, दगड), आणि ती कोरडी दळणारी माणसं लवकर मरत. १७२६ मध्ये थॉमस बेन्सन नावाच्या माणसाने ती पाण्यात दळण्याचं पेटंट घेतलं. म्हणजे हा ओला फडका तीनशे वर्षांचा आहे.

हे सगळं पटतं. पण बाईंनी 'तुमच्याकडे काय करतात?' असं विचारलं तेव्हा माझा आवाज जरा चढलाच. आमच्याकडे काम अंगणात चालतं, वारं असतं, माती दिवसभर ओलीच असते, असं मी सांगितलं. त्यात खोटं काही नाही. गणपतीच्या सीझनला शेडमध्ये शाडू आणि प्लास्टर घासताना काय होतं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आण्णांचा खोकला तंबाखूचा आहे, असं आई म्हणते.

असो. मी तिथे जाते ती मॅट काळ्यासाठी. चमचमणारा काळा बादलीभर मिळतो. मला हवा होता अंबाबाईच्या देवळाच्या दगडासारखा, उजेड पिऊन टाकणारा. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "काळं कराय पैसं मोजतीयास? धूर कोंड की. फुकटात हुतंय."

होतंच की. आवा पेटला, भांडी लाल झाली, की शेवटी शेण-भुसा टाकून हवा बंद करायची. धुराचा कार्बन छिद्रांत शिरतो, मातीतलं तांबडं लोह काळं पडतं. संक्रांतीची काळी सुगडी तशीच होतात. फट राहिली आणि गरम असतानाच हवा शिरली, तर तेवढ्या जागी तांबडा डाग. पण ते ग्लेझ, म्हणजे भांड्यावर वितळून बसलेला काचेसारखा थर, नव्हे. पाणी पाझरतं, आणि पाझरतं म्हणूनच गार राहतं, हा आमचा अभिमानाचा मुद्दा. रस्सा ठेवला तर भांड्याला वास धरतो, हा मुद्दा आम्ही घेत नाही.

इथली भट्टी विजेची, तिच्यात धूर कोंडला तर बाई मलाच कोंडतील. मग काळा रंग डब्यातून आणायचा. लोह, कोबाल्ट, मँगनीज यांची ऑक्साइडं मिसळून काळा होतो, पण कोबाल्ट महाग आणि मँगनीजचा भट्टीतला धूर विषारी. म्हणून आधीच भाजून दळलेला तयार काळा स्टेन वापरतात, साधारण आठ-दहा टक्के. खाली लाल मातीचं भांडं असेल तर बरं. ग्लेझ कडेला पातळ झालं तरी तपकिरी किनार दिसते, पांढऱ्या मातीसारखी ओरडत नाही.

काळा झाला, आता मॅट. मला वाटायचं तीही एखादी पूड असेल. काही अंशी आहेच. पारदर्शक ग्लेझमध्ये चायना क्ले वाढवली की अॅल्युमिना वाढतो, टाल्क घातला की मॅग्नेशियम येतं, आणि चमक उतरते. पण खरं काम भट्टी बंद झाल्यावर सुरू होतं. वितळलेलं ग्लेझ झटकन थिजलं तर त्याची काच होते, ती चमकते. सावकाश थंड झालं तर पृष्ठभागावर अतिसूक्ष्म स्फटिक वाढतात, त्यांच्यावर उजेड विखुरतो, तोच मॅट. क्लासच्या भिंतीवर नमुन्याच्या टाइल टांगल्यात. त्यातल्या दोन एकाच बादलीत बुडवलेल्या. छोट्या भट्टीतली बुटाच्या पॉलिशसारखी चकचकीत, कारण ती भट्टी पातळ विटांची, भराभर निवते. मोठ्या भट्टीतली पाटीसारखी. मागे पेन्सिलीने लिहिलेला ग्लेझचा नंबर एकच.

म्हणून बाईंनी माझ्यासाठी मोठ्या भट्टीचा प्रोग्रॅम बदलला. १०६० अंशांपर्यंत चढवायचं, थोडा वेळ थांबायचं, आणि उतरताना ताशी पन्नास-साठ अंशांनी साडेसातशे-आठशेपर्यंत आणायचं. विजेचं बिल वाढतं, तरी एक शब्द बोलल्या नाहीत. झाडूबद्दलचा राग तेवढ्यापुरता माफ.

दुसरा एक सोपा रस्ता आहे आणि तो फसवा आहे. कमी भाजलं तरी ग्लेझ मॅट दिसतं, कारण ते नीट वितळलेलंच नसतं. बोट फिरवलं की खडूसारखं लागतं आणि डाग पिऊन घेतं. म्हणून रात्रभर लिंबाची फोड ठेवायची. सकाळी तिथे रंग उतरला तर ती वाटी किल्ल्या ठेवायला. विकायचं असेल तर प्रयोगशाळा: चार टक्के अॅसेटिक आम्ल चोवीस तास भरून ठेवून शिसं आणि कॅडमियम मोजतात. इतकं सगळं एका वाटीसाठी. आपल्या बाजारात चकचकीत रंगीत बरण्या घेताना कुणी विचारत नाही, हे मला इथे येऊन जास्त टोचतं.

आता थोडी फुशारकी. जोसाया वेजवुड या कुंभाराने इथे १७६८ च्या सुमारास 'ब्लॅक बसाल्ट' भांडी काढली. ग्लेझ नाही, मातीच काळी, दिसायला सुंदर. लोक म्युझियममध्ये काचेपुढे उभे राहून कुजबुजतात. आमच्याकडे खरा बसाल्ट, म्हणजे काळा कातळ, पायाखाली असतो. आणि पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीला १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, त्यात सातवाहनांच्या काळाचं नांदतं गाव निघालं. त्या काळच्या दख्खनच्या कुंभारांना काळी-तांबडी भांडी जमत होती: पालथं घालून भाजायचं, आतून आणि काठाला काळं, बाहेरून तांबडं. एकाच भट्टीत दोन रंग, तेही थर्मामीटरशिवाय. पण शाळेची सहल टाऊन हॉलच्या म्युझियमला गेली की सगळे पोसायडन या समुद्रदेवाची रोमन मूर्ती बघतात. खापरांपुढे कोण थांबतंय?

वाटी झाली आहे. लिंबाला टिकली, काळी आहे, चमकत नाही. पांढरा रस्सा तिच्यात असा उठून दिसतो की फोटो बघून बहिणीने लगेच दोन मागितल्या. तिला सांगायचं राहिलं की स्टीलचा चमचा फिरवला की मॅटवर करड्या रेघा उठतात. तो धातू ग्लेझला घासून चिकटलेला असतो, खाण्याच्या सोड्याने चोळला की जातो. तांबड्याचा कट धुवायला मात्र गरम पाणी आणि दुप्पट वेळ लागतो, म्हणून तांबडा आम्ही स्टीलच्याच वाटीत घेतो.