गाडीला लोकरीच्या शेपट्या

गाडीचं मायलेज वाढवायचं, तर हवा तिला कुठे अडवते ते आधी बघायला हवं. म्हणून आज सकाळी आईच्या विणकामातली उरलेली लोकर पळवली आणि बोटभर लांबीचे पन्नासेक तुकडे चिकटपट्टीने आमच्या जुन्या गाडीवर चिकटवले. गाडीला केस फुटल्यासारखे दिसत होते. मग रिकाम्या रस्त्यावर मी ताशी ६० ने निघालो आणि शेजारून दादाच्या गाडीतून वहिनीने शूटिंग केलं.

टपावरचे धागे शहाण्यासारखे मागे झोपलेले. मागच्या काचेवरचे मात्र गोल गोल भिरभिरत होते, काही तर चक्क पुढे तोंड करून! म्हणजे हवा तिथे काचेला सोडून देते, मागे भोवरे होतात, दाब कमी होतो आणि गाडी मागे खेचली जाते. नुसतं वाचलेलं असं डोळ्यांनी बघताना भारी वाटलं.

टपावर कायम रिकामंच मिरवणारं कॅरियर लगेच उतरवलं. शिट्टीसारखा आवाज गेला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलं तरी दीडपटीहून जास्त.

हुशारी नडली ती पुढच्या जाळीपाशी. हवा आत शिरून अडू नये म्हणून ती जवळजवळ सगळी पुठ्ठ्याने झाकली, तर इंजिन थंड ठेवणारी हवाच अडली आणि थोड्याच वेळात तापमानाचा काटा वर. गाडी थांबवून निम्मा पुठ्ठा कापला, तेव्हा काटा जागेवर आला.

मायलेज वाढलं का? एका दिवसात काय कळणार! टाकी फुल करून, त्याच रस्त्यावर, दोन-तीनदा मोजावं लागेल. पुढच्या रविवारी गाडीच्या पोटाखाली सपाट पत्रा लावतोय, सायलेन्सरपासून लांब ठेवून.

लोकरीचं आईला अजून सांगितलेलं नाही.