तांबोशी लहान घ्यावी की मोठी?

मी सोलापुरात प्राणिशास्त्र शिकवते आणि आवडीने मासे खाते. त्यामुळे बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की एक प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, तांबोशी लहान घ्यावी की मोठी?" विचारणाऱ्याच्या मनात चव असते, काटे असतात, भाव असतो. काही जण त्याच्या पुढचं विचारतात: लहान मासा म्हणजे पिल्लू, मग मोठाच खावा, बरोबर ना? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. तांबोशी, म्हणजे समुद्रातला तो तांबूस मासा, लहान नको आणि अगदी मोठाही नको.

आधी लहान. ताटात अख्खी मावणारी, अर्धा-पाऊण किलोची तांबोशी हॉटेलांना फार हवी असते. तिचं पोट साफ करताना कधी थांबून बघा. कण्याखाली दोन बारीक, जवळजवळ पारदर्शक दोरे चिकटलेले दिसतात. मादी असेल तर त्याच दोऱ्यांची पुढे गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी होते. इथे ती व्हायच्या आतच मासा बर्फात आलेला असतो. तांबोशीचं लहानपण खाडीत, कांदळवनाच्या मुळांमध्ये जातं. वाढली की ती बाहेर समुद्रातल्या खडकांकडे, प्रवाळांकडे सरकते. मादी अर्ध्या मीटरच्या आसपास लांब झाली की पहिल्यांदा अंडी घालते, आणि तिथवर पोचायला तिला कित्येक वर्षं लागतात. त्यानंतरचं आयुष्यही मोठं असतं. माशाच्या कानात चुन्याचा एक छोटा खडा असतो. तो कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वलयं मोजता येतात. मेक्सिकोच्या आखातातल्या लाल स्नॅपरची, म्हणजे आपल्या तांबोशीच्या तिकडच्या भावंडाची वयं अशी मोजली, तेव्हा पन्नाशी ओलांडलेले मासेही निघाले.

म्हणूनच मोठ्या मादीला हात लावताना विचार करावा. याच लाल स्नॅपरचा एक हिशेब मी दरवर्षी फळ्यावर लिहिते: 61 सेंटिमीटरच्या एका मादीत सुमारे 93 लाख अंडी असतात, आणि तेवढी अंडी भरायला 42 सेंटिमीटरच्या 212 माद्या लागतात. लांबी जेमतेम दीडपट, अंडी दोनशे पट! पोटात जागा वाढते हे एक कारण झालं. शिवाय लहान मादीचं बरंचसं खाणं स्वतःच्या वाढीलाच जातं, मोठीचं अंड्यांकडे वळतं. अशी एक मोठी मादी जाळ्यात गेली तर तिची जागा भरून निघायला कित्येक वर्षं थांबावं लागतं.

गोब्र्याची, म्हणजे काही ठिकाणी ज्याला हेकरू म्हणतात त्याची, तऱ्हा आणखी वेगळी. बहुतेक गोब्रे आधी मादी असतात आणि मोठे झाल्यावर नर होतात. निवडून मोठेच मारले तर पाण्यात नरच उरत नाहीत. त्यात यांच्या काही जाती वर्षातून मोजके दिवस, ठरावीक जागी अंडी घालायला एकत्र जमतात. कॅरिबियन समुद्रात लिटल केमन बेटाजवळ नासाऊ जातीचे गोब्रे हिवाळ्यातल्या पौर्णिमेच्या सुमारास असे जमतात. 2001 मध्ये मच्छीमारांना ती जागा सापडली आणि दोन हंगामांत हजारो मासे उचलले गेले. 2003 मध्ये तिथे बंदी आली. 2009 च्या सुमारास तिथे साधारण 1200 मासे होते, 2018 मध्ये 7000 च्या वर गेले. हे उदाहरण मला फार धीर देतं. बंदी आली म्हणून मासा लगेच वाढला नाही, पण लोक थांबले आणि तो वाढला.

मग कायद्यातच लिहावं की मोठी मादी पकडली तर परत सोडा? काही माशांना ते चालतं. खोल पाण्यातल्या तांबोशीला चालत नाही. तिला भरभर वर ओढलं की दाब कमी होऊन पोटातली हवेची पिशवी फुगते, आणि कधी कधी जठर तोंडावाटे बाहेर येतं. असा मासा पाण्यात टाकला तरी त्याला खाली जाता येत नाही, तो वरच तरंगत मरतो. मेक्सिकोच्या आखातात अमेरिकेने 2022 मध्ये बोटीवर माशाला पुन्हा खोल नेऊन सोडण्याचं साधन किंवा फुगलेली हवा काढायची पोकळ सुई तयार ठेवणं सक्तीचं केलं, ते यासाठीच. माझ्या मते खरा उपाय म्हणजे काही जागांना हातच लावायचा नाही. आपल्याकडे मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात पाण्याखाली आंग्रिया बँक, म्हणजे प्रवाळांनी भरलेली एक उंच सपाटी आहे. ती तरी राखली पाहिजे, हे मी भेटेल त्याला सांगते. 1 जून ते 31 जुलैची पावसाळी बंदी आहेच, आणि 2023 मध्ये राज्य सरकारने 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरवून दिला. ही चांगलीच गोष्ट झाली. पण किमान आकार पिल्लाला वाचवतो, आजीला नाही.

"पण मॅडम, इथे बर्फात मेलेला मासा मी नाही घेतला म्हणून काय होणार?" हाही प्रश्न येतो. त्या माशाचं काही होणार नाही. पण अर्ध्या किलोच्या तांबोशीला किनाऱ्यावर चढा भाव मिळतो तो आपण आणि आपली हॉटेलं देतो म्हणून. त्यापेक्षा मधल्या आकाराच्या, साडेतीन-चार किलोच्या तांबोशीचे काप मागा. ती एखाद-दोनदा तरी अंडी घालून आलेली असण्याची शक्यता बरीच जास्त.

हाच नियम उजनी धरणाच्या माशांना लावू नका. चिलापी काही महिन्यांत वयात येते, साठलेल्या पाण्यातच वर्षातून अनेकदा अंडी घालते, आणि मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते. ती हाताएवढी असली तरी खुशाल घ्या. कटला-रोहूला मात्र अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, धरणाच्या साठ्यात ते वीत नाहीत. म्हणून त्यांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, बाहेरून आणून सोडावी लागते. बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या जाळ्यात ती बोटुकलीच निघाली तर सोडण्याचा सगळा खर्च पाण्यात जातो, आणि कटल्यावर पोट असणाऱ्या भीमाकाठच्या मच्छीमारालाच त्याचा पहिला फटका बसतो. तेव्हा पाटीत बोटभर कटला दिसला तर घेऊ नका, आणि का घेत नाही ते विकणाऱ्या मावशींना तिथेच सांगा.