सेलेनियमची गोळी घेऊ का? तुम्ही विचारलंत म्हणून

खामगावात माझं औषधाचं दुकान आहे. आठवड्यातून चार-पाचदा तरी कुणी ना कुणी काउंटरशी येऊन म्हणतं, "ताई, केस गयून राह्यले. ते सेलेनियमवाली गोळी द्या ना." कुणाला थायरॉईड असतो, कुणाला पुण्याच्या भाचीने फोनवर नाव कळवलेलं असतं. मी लगेच गोळी काढत नाही. आधी विचारते, "सध्या काय काय चालू आहे? घरातली सगळी पाकिटं घेऊन या." काहींना याचा राग येतो. म्हणून एकदा नीट सांगते.

सेलेनियम हे खनिज शरीराला लागतं, यात वाद नाही. थायरॉईड ग्रंथी जे संप्रेरक (हार्मोन) सोडते, त्याचं शरीराला वापरता येईल असं रूप करणारी विकरं (एन्झाइम) सेलेनियमवरच चालतात. ग्रॅमला ग्रॅम पाहिलं तर सगळ्यात जास्त सेलेनियम याच ग्रंथीत सापडतं. चीनच्या केशान भागात जमिनीतच ते इतकं कमी होतं, की लहान मुलांची आणि तरुण बायकांची हृदयं निकामी व्हायची. १९७०च्या दशकात चीनमधल्या अशाच भागांत सेलेनियमच्या गोळ्या वाटल्या आणि हा आजार आटोक्यात आला. गोळीने जीव वाचल्याचं हे खरं उदाहरण आहे. पण ते अशा गावांचं, जिथे पोटात सेलेनियम जवळजवळ जातच नव्हतं.

त्याच चीनमध्ये हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६०च्या दशकात उलटं घडलं. सेलेनियम जास्त झालं आणि लोकांचे केस आणि नखं गळून पडली.

आपल्याला तर चीनपर्यंत जायचीही गरज नाही. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या दिवसांत आमच्या शेजारच्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगण्याकडे काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. डोक्यावरून हात फिरवला की केसांचा पुंजका हातात यायचा, तीन-चार दिवसांत टक्कल. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखल्या जाणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनचा गहू तपासून घेतला आणि किलोमागे १४ मिलिग्रॅमहून जास्त सेलेनियम निघाल्याचं सांगितलं. हिशेब करून बघा: शंभर ग्रॅम कणकेच्या पोळ्यांतून १,४०० मायक्रोग्रॅम! मोठ्या माणसाला दिवसाला लागतं ४० ते ५५. अमेरिकेत वरची मर्यादा ४०० धरतात, युरोपात २०२३पासून २५५. पुरेसं आणि जास्त यांच्यातलं अंतर एवढंच आहे. पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व थोडं जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं, तसा भरवसा इथे धरता येत नाही.

म्हणूनच केस गळतात म्हणून कुणी सेलेनियम मागितलं की माझा हात थांबतो. कमी पडलं तर केसांवर परिणाम होऊ शकतो, आणि जास्त झालं तर केस गळतातच.

गेल्या पावसाळ्यात एक शिक्षिका आल्या. मी सांगितलं होतं म्हणून त्यांनी पाकिटांची पिशवी काउंटरवर ओतली. रोजची मल्टिव्हिटॅमिन, केसांची वेगळी गोळी आणि बहिणीने परदेशातून पाठवलेली थायरॉईडची बाटली. आम्ही दोघींनी भिंग घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली. हे वाचणं सोपं नसतं. कुठे सेलेनियम ज्या क्षारात असतं त्या सगळ्याचं वजन लिहिलेलं असतं, कुठे नुसत्या सेलेनियमचं. बिलाच्या मागे बेरीज मांडली: ७०, ६५ आणि २००. झाले ३३५, जेवणातलं वेगळंच. त्यांना हवी होती ती चौथी गोळी. त्यांच्या पर्समध्ये रक्ताचा रिपोर्ट होता, त्यात हिमोग्लोबिन ९, म्हणजे रक्तच कमी. मी म्हटलं, "मॅडम, हा कागद आधी डॉक्टरांना दाखवा." दिवाळीनंतर त्या लोहाच्या गोळ्या न्यायला आल्या. आधीच्या तीनपैकी दोन गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या होत्या.

"कॅन्सर होत नाही म्हणे" असंही विचारतात. अमेरिकेत २००१ साली पस्तीस हजारांवर पुरुषांना घेऊन हेच तपासायला सुरुवात झाली, काहींना रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिलं. प्रोस्टेटचा कॅन्सर काही टळला नाही, आणि २००८मध्ये गोळ्या थांबवल्या. पुढे दिसलं, की ज्यांच्या शरीरात आधीच भरपूर सेलेनियम होतं, त्यांच्यात ही गोळी घेणाऱ्यांना झपाट्याने वाढणाऱ्या प्रोस्टेट कॅन्सरचा धोका उलट वाढला होता.

हल्ली ब्राझील नटही मिळतात. एका दाण्यातच ७० ते ९० मायक्रोग्रॅम असू शकतं. बदामासारखे मूठभर खायची ती वस्तू नाही. आपल्या रोजच्या ताटात अंडं, मासे, चिकन, गहू, डाळी असतील तर बहुतेकांची गरज तिथेच भागते.

गोळी कुणालाच नको असं मी म्हणत नाही. ग्रेव्हज आजारात, म्हणजे थायरॉईड गरजेपेक्षा जास्त चालण्याच्या एका आजारात, डोळ्यांना सौम्य त्रास असेल तर १०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा, सहा महिने, याचा फायदा युरोपातल्या २०११च्या चाचणीत दिसला आहे. शिरेतून पोषण चालू असलेल्या रुग्णांनाही ते द्यावं लागतं. पण तिथे किती आणि किती दिवस हे डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात. तशी चिठ्ठी असेल तर मी लगेच गोळी काढून देते. नसेल तर पाकिटं घेऊन या, संपलेली रिकामी असली तरी चालतील.