रोज किती तास, हे विचारलंत म्हणून

पियानो शिकवायला लागल्यापासून आई-वडील पहिल्याच भेटीत हटकून विचारतात, “रोज किती तास बसवायचं?” ग्रेडची परीक्षा जवळ आली की हाच प्रश्न पुन्हा येतो, जरा चढ्या आवाजात. मी आकडा सांगत नाही म्हणून काही जण नाराजही झाले. ही टाळाटाळ नाही. कारण एकदा नीट सांगते.

पियानोची पांढरी पट्टी जेमतेम १० मिलिमीटर खाली जाते आणि ती खाली न्यायला साधारण ५० ग्रॅम वजन पुरतं. पट्टी तळाला टेकायच्या किंचित आधी आतला हातोडा यंत्रणेतून सुटतो आणि आपल्याच वेगाने तारेवर आदळतो. सूर तिथे झाला. त्यानंतर बोट कितीही रेटलं तरी त्या सुरात काही वाढत नाही. जोर पट्टीखालच्या फेल्टच्या मऊ गादीत जिरतो आणि कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू आवळलेले राहतात. मूल रेटून वाजवत असेल, तर तीन तासांत ते पियानो नाही, रेटणं शिकतं. शरीराला चूक आणि बरोबर यातला फरक कळत नाही. जे वारंवार केलं, ते त्याला पाठ होतं.

पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचं उदाहरण म्हणूनच देते. जन्म १९२८ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. नवव्या वर्षापासून नामवंत पियानोवादक आर्टुर श्नाबेल यांच्याकडे तालीम. सोळाव्या वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राबरोबर ब्राम्सचा कॉन्चेर्टो, म्हणजे एक वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेली रचना. १९५२ मध्ये ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धा जिंकली, तिथे पहिला आलेला हा पहिला अमेरिकन. मग संचालक जॉर्ज सेल आणि त्यांच्या क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राबरोबर बेथोव्हन आणि ब्राम्सच्या कॉन्चेर्टोंची ध्वनिमुद्रणं, जी आजही लोक कानात साठवतात.

१९६४ च्या सुमारास, वयाच्या छत्तिशीत, उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी पट्ट्यांवर आली की आत वळू लागली. सेल यांच्याबरोबरचा सोव्हिएत रशियाचा दौरा समोर होता. बोटं ऐकत नाहीत म्हटल्यावर त्यांनी तेच केलं, जे तुम्ही मुलांना करायला सांगता. तास वाढवले. रोज सात-आठ तास वाजवत राहिलो, असं ते पुढे स्वतः सांगत. बोटं आणखी वळली. दौऱ्यावर त्यांना जाता आलं नाही आणि उजवा हात तीसएक वर्षं मैफलीतून गेला.

याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. मेंदूत शेजारच्या बोटांच्या ज्या वेगवेगळ्या जागा असतात, त्या एकमेकींत मिसळतात आणि एक बोट हलवायला जावं तर दुसरं ओढलं जातं. मुख्य म्हणजे यात बहुधा दुखत नाही. शर्टाची बटणं लावताना हात ठीक असतो, पट्ट्यांवर ठेवला की बिघडतो. म्हणून “दुखत नाही म्हणतेय ना, मग वाजवू दे” हे मला मान्य नाही.

फ्लायशर थांबले नाहीत. बॉल्टिमोरच्या पीबडी या संगीतशाळेत शिकवलं, ऑर्केस्ट्राचं संचालन केलं, डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवलं. त्यात फ्रेंच संगीतकार राव्हेलचा कॉन्चेर्टो होता, पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पियानोवादक पाउल विट्गेनश्टाइनसाठी लिहिलेला. नव्वदच्या दशकात बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी ते स्नायू सैल पडले आणि दोन्ही हात परत आले. पण हा पक्का इलाज नव्हे. असर काही महिन्यांत ओसरतो, पुन्हा टोचून घ्यावं लागतं.

पूर्वी मीही मोठ्या मुलांना चार तास सांगायचे. तेव्हाची मी आज समोर आली तर विचारेल, “तासन् तास बसल्याशिवाय फ्लायशरांचा हात तयार झाला असता का?” नसता झाला. माझ्याकडे याला उत्तर नाही. तितकंच वाजवणाऱ्या कितीतरी जणांना आयुष्यभर काही होत नाही, हेही खरं. सगळा दोष तासांचा असता तर सांगणं सोपं होतं.

म्हणून तासांऐवजी मी या गोष्टी सांगते. जेवणाच्या टेबलाची खुर्ची नको, उंची बदलता येणारा बाक घ्या. कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा बोटभर वर हवं. ते खाली गेलं की मनगट लोंबतं आणि बोटांना उगाच चढ चढावा लागतो. लहान मुलाचे पाय लटकू देऊ नका, खाली पाट ठेवा. वीस-पंचवीस मिनिटं झाली की उठवा, पाच मिनिटं पियानोपासून लांब. एकच ओळ तीनदा चुकली तर चौथ्यांदा त्याच वेगात वाजवू देऊ नका. वेग निम्मा करा, हात वेगवेगळे वाजवून घ्या. सप्तकाच्या उड्या, म्हणजे अंगठा एका सा वर आणि करंगळी वरच्या सा वर, हे लहान पंजाकडून दहा मिनिटांपेक्षा जास्त करून घेऊ नका. दुखलं तर त्या दिवशी झाकण बंद, परीक्षा उद्या असली तरी.

आणि शेजारी बसाल तेव्हा घड्याळाकडे पाहू नका, उजव्या करंगळीकडे पाहा. ती वाजवत नसताना पट्टीवर सैल टेकलेली आहे, हवेत ताठ उभी आहे, की तळहाताकडे मुडपतेय? पुढच्या वेळी मला तेवढं सांगा.