वेळ कसा जातो?

लग्नात, तेरवीत, एसटीच्या थांब्यावर, पुण्याकडचं कोणी भेटलं की पाचव्या मिनिटाला विचारतंच, "गावात वेळ कसा जातो हो तुमचा?" नोकरी सोडून यवतमाळ जिल्ह्यातल्या वावरात परतलो त्याला ११ वर्षं झाली. आजवर "जातो बरा" म्हणून मी पत्रावळीकडे बघत आलो. तुम्ही मात्र विचारून थांबलात, म्हणून सांगतो.

तुम्ही विचारता तो वेळ पुल्लिंगी. तो जातो, पुरतो, उरतो, वाचवता येतो. आपल्या भाषेत आणखी एक वेळ आहे, ती स्त्रीलिंगी. ती येते, होते, टळते, चुकते. पुण्यात माझा सगळा व्यवहार पहिल्याशी होता. इथे दुसरीशी गाठ पडली.

आणि पहिल्याच वर्षी ती चुकली. ७ जूनला मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागला, कॅलेंडरात तसं छापलेलंच होतं. दोन दिवसांनी एक बरी सर आली आणि मी सरकी, म्हणजे कापसाचं बी, टोबली. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शेजारचे काकाजी म्हणाले, "घाई करून राहिला तू." ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नये, हे मी वाचलं होतं. पण गावात सगळ्यांच्या आधी पेरल्याची ऐट काही और असते. पुढे सतरा दिवस उघाड. वर आलेले अंकुर करपले. दुबार पेरणी, बियाण्याचे पैसे दुसऱ्यांदा.

मग वाफसा बघायला शिकलो. आमची काळी माती ओली असली की पायाला चिकटते, वाळली की दगड होते. मधे काही तास, फार तर एक-दोन दिवस, ती कामाला राजी असते. मूठभर माती घ्यायची, दाबून लाडू वळायचा, कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. चपटा बसला तर घरी जा. फुटून मोकळा झाला तर वाफसा. घड्याळ यात काय सांगणार? त्याचं आमच्या सूर्याशीही जमत नाही. ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाचं. यवतमाळात सूर्य डोक्यावर यायला त्याच्या बारानंतर सरासरी १७-१८ मिनिटं लागतात.

यावरून 'गावची माणसं वर्तमानात जगतात' असं ठरवून टाकू नका. पाहुणे फार लवकर ठरवतात. शेतकरी मागच्या कर्जात आणि दिवाळीनंतरच्या भावात जगतो. अक्षय्य तृतीयेनंतर भेंडवळच्या घटमांडणीत पाऊस-पिकाचं काय भाकीत निघालं, हे त्यावर विश्वास नसलेलेही विचारतात. मीसुद्धा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तुपा-हळदीनं मळून त्यालाही सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलालाही उद्याच.

वाफशाच्या त्या तासांत मात्र उद्या आत शिरत नाही. शहाणपणानं नव्हे, हात रिकामे नसतात म्हणून. कापूस वेचतानाही असंच होत असेल, वाळल्या बोंडाचं टोक बोटात घुसतं तेव्हा लक्ष दुसरीकडे कसं जाणार, असं मला वाटायचं. एकदा वेचायला आलेल्या एका बाईंना म्हटलं, "मन शांत होत असन ना?" त्या मान वर न करता म्हणाल्या, "शांत कायचं जी. संध्याकाळी काट्यावर किलो भराले पायजे." मजुरी किलोवर असते. त्यानंतर मी असलं काही कोणाला विचारलं नाही.

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, काय करताय?"

"बसून राहिलो."

आम्ही असंच बोलतो. पुण्यात लोक हसायचे म्हणून ते 'राहिलो' मी गिळायला शिकलो होतो, आता मुद्दाम म्हणतो. खरोखरच धुऱ्यावर बसलो होतो. रात्रभर पाणी पडलं होतं आणि समोर लाडू चपटा पडला होता.

"मग वेळ आहे का थोडा बोलायला?"

"आहे ना," म्हटलं. "ऊन पडेपर्यंत आहे."