डीजे बंद पडला तेव्हा

मे महिन्यातली दाट लग्नतिथी, आणि आदल्या रात्री अवकाळीनं झोडपलेलं. सकाळी पहिला फोन आला तेव्हाच कळलं, आज डबा पिशवीतच राहणार. मी वायरमन, माझ्याकडे माजलगाव तालुक्यातली चार गावं आणि त्यांच्या वस्त्या. दुपारपर्यंत तीन ठिकाणच्या फांद्या काढल्या, एका डीपीचं, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरचं, तेल गळत होतं ते वर कळवलं. चौथा फोन शेवटच्या वस्तीचा होता. दहा-बारा घरं, त्यात एका घरी संध्याकाळचं लग्न.

"आवं वायरमन दादा, लाईट कव्हा यायची? पाव्हणे मांडवात येऊन बसलेत."

वस्तीच्या अलीकडे लिंबाची मोठी फांदी एलटी लाईनवर, म्हणजे डीपीकडून घरांकडं जाणाऱ्या तारांवर, पडली होती. एक फेज तुटून तार वावरात लोंबत होती आणि चार पोरं तिच्यापासून दहा-पंधरा फुटांवर उभी राहून मोबाईलमध्ये व्हिडिओ काढत होती. आधी त्यांना हाकललं. एक आजोबा म्हणाले, "लाईट तर गेलीय, तारेत काय असणार?" त्यांना विचारलं, मागं खालच्या गावात तारेला न शिवताच बैल मेला होता, आठवतो का? तार ओल्या जमिनीवर पडली की करंट जमिनीतून पसरत जातो. जवळच्या मातीत विजेचा दाब जास्त, लांबच्या मातीत कमी. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय लांब लांब पडतात, म्हणून दोन्हींतल्या फरकामुळं करंट त्याच्या अंगातून जातो. माणूस अशा जागी सापडलाच, तर पाय जुळवून, जमिनीवरून घासत, इंच-इंच मागं सरकायचं. धावायचं नाही. आजोबांनी पोरांकडं बघितलं आणि स्वतःच पाच-सहा पावलं मागं गेले.

डीपीवर गेलो. डीपीला वरून येणारी लाईन तोडणारा एबी स्विच पाडून कुलूप घातलं, किटकॅट फ्यूजच्या तिन्ही ग्रिपा काढून खिशात टाकल्या. ही माझी जुनी खोड. फलक लावला तरी लोक तो बाजूला करून फ्यूज लावतात, पण खिशातली ग्रिप कोण लावणार? परत येऊन टेस्टरनं पाचही तारा तपासल्या. मेलेल्या.

आता साखळी. ती सगळ्या तारा जमिनीला जोडून ठेवते, चुकून करंट आलाच तर तो माणसाऐवजी जमिनीत जातो. अर्थिंगची साखळी माझ्याकडे एकच होती आणि तार तर मधूनच तुटलेली. डीपीकडच्या बाजूला लावू की वस्तीकडच्या? सोबतचा ठेक्यावरचा पोरगा म्हणाला, "दादा, ग्रिपा तुमच्या खिशात हायत, टेस्टर लावला, आता कशाला येळ घालवायचा?" मांडवातून तिसरा माणूस विचारायला आला होता. माझाही जीव चहासाठी तळमळत होता, खोटं कशाला बोलू.

पण ज्या म्हाताऱ्या लाईनमनच्या हाताखाली मी शिकलो, ते म्हणायचे, टेस्टर 'आत्ता'चं सांगतो, 'मग'चं नाही. डीपीकडचं 'मग' माझ्या खिशात होतं. वस्तीकडचं कुणाच्या हातात होतं ते मला माहीत नव्हतं. म्हणून साखळी वस्तीच्या बाजूला लावली. आधी खालची सळई ओल्या मातीत ठोकली, मग न्यूट्रल, मग एकेक फेज. लावताना जमिनीपासून सुरुवात, काढताना उलट. हा क्रम चुकला तर साखळीच घात करते.

पोलवर चढलो, पट्टा अडकवला. फांदी पोरानं दोरानं खाली ओढली. तुटलेल्या तारेची टोकं ओढून जोड मारायला लागलो. पक्कड नीट धरता येईना म्हणून उजवा हातमोजा काढून कमरेला खोचला. तो काढायला नको होता, हे लिहितानाही लाज वाटते. मांडवात डीजेवर हळदीचं गाणं सुरू झालं तेव्हा मला वाटलं, बॅटरीवर चालवत असतील.

खाली साखळीच्या चापाजवळ 'फट्' असा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली. त्याच क्षणी मांडवाच्या मागं एक इंजिन घोगरं झालं, कण्हलं आणि थांबलं. डीजे गाण्याच्या मधेच गप्प. वस्तीत अशी शांतता पसरली की मला माझाच श्वास ऐकू येत होता. उघडा हात अजून तारेवरच होता.

खाली कसा उतरलो ते आठवत नाही. मांडवाच्या मागं जाऊन बघितलं, तर मंडपवाल्याचा जनरेटर. डीजे थेट त्याच्यावर. शिवाय घरातले पंखेही फिरावेत म्हणून दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून एक टोक जनरेटरला आणि दुसरं ओसरीतल्या सॉकेटात खुपसलेलं. मेन स्विच चालूच. म्हणजे जनरेटरचे २३० व्होल्ट घरातून मीटर, मीटरमधून सर्व्हिस वायर आणि तिथून माझ्या तारेवर. डीपी जोडलेली असती तर आणखी भयंकर. ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी काम करतो. डीपी ११ हजारांचे चारशे करते, तशीच उलटी चारशेचे ११ हजार करायलाही तिला वेळ लागत नाही. मग पलीकडच्या गावात मुख्य लाईनवर काम करणाऱ्याचं काय? चेंजओव्हर स्विच असता तर एका वेळी एकच बाजू जोडली गेली असती. त्याला काही शे रुपये लागतात. नसेल तर निदान मेन तरी बंद करायचा.

मी फार बोललो. जे शब्द वापरले ते इथं लिहिता येणार नाहीत. नवरीचे वडील हात जोडून उभे होते. त्यांना बिचाऱ्यांना यातलं काही ठाऊकच नव्हतं. त्यांना सोडून मंडपवाल्याकडं वळलो तर तो म्हणाला, "दादा, समदेच असं करतेत."

हे मात्र खरं बोलला.

जोड पूर्ण केला. साखळी काढण्याआधी पोराला म्हटलं, ती वायर निघाली का, डोळ्यांनी बघून ये. तो वायरच हातात घेऊन आला. पकडीनं तिच्या एका टोकाची पिन छाटून टाकली, मग ग्रिपा लावायला डीपीवर गेलो. लाईट आली तेव्हा साडेसहा वाजले होते. परतताना मंडपवाला आडवा आला आणि वायरच्या नुकसानीचे दीडशे रुपये मागू लागला. दिले.