‘व्हर्टिगो’ : ज्या मृत्यूचा शोक कोणी केला नाही

आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘व्हर्टिगो’ संथ आहे, ही तक्रार त्या चित्रपटाइतकीच जुनी आहे. १९५८ साली तो प्रदर्शित झाला तेव्हा अमेरिकेतील समीक्षकांची मते विभागलेली होती, आणि ‘व्हरायटी’ या चित्रपट-व्यवसायाच्या नियतकालिकाने दिग्दर्शकाचे कौशल्य मान्य करूनही तो लांबलेला आणि धिमा असल्याचे लिहिले होते. पुढे ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने दर दहा वर्षांनी घेतलेल्या समीक्षकांच्या मतचाचणीत तो हळूहळू वर चढत गेला, २०१२ साली त्याने ‘सिटिझन केन’चे पन्नास वर्षांचे पहिले स्थान घेतले आणि २०२२ साली तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. गेल्या महिन्यात कोल्हापुरात मंगळवार पेठेतील एका मित्राच्या घरी आम्ही काही जणांनी तो भिंतीवर प्रोजेक्टर लावून पाहिला, तेव्हा निम्म्या मंडळींचे मत १९५८ सालचेच होते. मूकपटकार बाबूराव पेंटरांच्या आणि ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या या गावात चित्रपट संपल्यावर लोक लगेच उठून जात नाहीत, त्यामुळे चर्चा पुष्कळ रंगली. तिच्यातील काही मते मला नोंदवून ठेवावीशी वाटतात. पुढे रहस्य उघड होणार आहे, हे ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी ध्यानात घ्यावे.

सॅन फ्रान्सिस्कोमधील स्कॉटी हा उंचीच्या भयामुळे नोकरी सोडलेला पोलीस अधिकारी. गॅव्हिन एल्स्टर हा त्याचा जुना मित्र त्याला आपल्या पत्नीवर, मॅडेलिनवर, नजर ठेवायला सांगतो, कारण एका मृत पूर्वज स्त्रीने तिला झपाटले आहे असे त्याचे म्हणणे असते. त्यानंतर कितीतरी वेळ स्कॉटी तिच्या मोटारीमागून फुलांच्या दुकानात, दफनभूमीत, चित्रसंग्रहालयात जात राहतो, आणि या भागात संवाद जवळजवळ नाहीत. “गाडीमागं गाडी, गाडीमागं गाडी, किती वेळ बघायचं?” असे मित्राचा चुलतभाऊ वैतागून म्हणाला. त्याची चुळबुळ मला समजते, परंतु हा भाग कापला तर पुढचे काहीही उभे राहणार नाही, असे माझे ठाम मत आहे. स्कॉटी ज्या स्त्रीच्या प्रेमात पडतो तिच्याशी तो तोवर एक शब्दही बोललेला नसतो. तो केवळ तिला पाहत असतो, आणि बर्नार्ड हरमन यांचे संगीत पुन्हा पुन्हा त्याच स्वरांकडे वळत आपल्यालाही त्या पाहण्यात ओढून घेते. ती घंटाघरावरून कोसळते तेव्हा स्कॉटीने नेमके काय गमावले, याचे उत्तर त्या लांबलचक पाठलागातच आहे.

त्या मृत्यूनंतरचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. स्कॉटी रुग्णालयात खुर्चीवर बसून राहतो, त्याची मैत्रीण मिज त्याला मोझार्टचे संगीत ऐकवते आणि मग डॉक्टरांना सांगते की मोझार्टचा काही उपयोग होणार नाही. बाहेर आल्यावर तो त्याच जागी फिरतो, आणि दुरून दिसणारी प्रत्येक करड्या पोशाखातली किंवा सोनेरी केसांची स्त्री त्याला क्षणभर तीच वाटते. आमच्यात एक निवृत्त शिक्षक होते, ज्यांच्या पत्नीचे काही वर्षांपूर्वी निधन झाले. एरवी चर्चेत भरभरून बोलणारे हे गृहस्थ एवढेच म्हणाले की महाद्वार रोडच्या गर्दीत एका विशिष्ट हिरव्या रंगाचे लुगडे पाठमोरे दिसले की आजही त्यांची पावले भरभर पडू लागतात, आणि तो चेहरा दुसराच असणार हे ठाऊक असूनही ती थांबत नाहीत. चुलतभावाने त्यानंतर गाड्यांचा विषय काढला नाही.

खरा वाद झाला तो पत्राच्या प्रसंगावरून. स्कॉटीला जूडी भेटते, जी मॅडेलिनसारखी दिसते, आणि थोड्याच वेळात ती एकटी असताना एक पत्र लिहून फाडून टाकते. त्यातून प्रेक्षकांना कळते की मॅडेलिन म्हणून वावरणारी स्त्री हीच होती, आणि घंटाघरावरून एल्स्टरने खाली टाकला तो त्याच्या खऱ्या पत्नीचा मृतदेह होता. ब्वालो आणि नार्सेजाक यांच्या मूळ फ्रेंच कादंबरीत हे रहस्य शेवटापर्यंत राखलेले आहे. मग हिचकॉकने ते इतक्या लवकर सांगून चित्रपटाची हवाच काढून घेतली, असे दोघातिघांना वाटले. मला तसे वाटत नाही. रहस्य झाकून ठेवले असते तर आपण शेवटपर्यंत स्कॉटीच्याच बाजूने राहिलो असतो. ते कळल्यामुळे आपण जूडीच्या खोलीत येऊन बसतो, आणि तो तिला करडा पोशाख घ्यायला लावतो, केसांचा रंग बदलायला लावतो, तेव्हा त्याचा प्रत्येक हट्ट आपल्याला तिच्या अंगावर झालेला जाणवतो. शिवाजी विद्यापीठात शिकणारी मित्राची पुतणी याबाबत फार कठोर होती. “हे प्रेम नाही, काका, आणि हे दुःखही नाही, त्याला फक्त त्याचं हवं ते परत पाहिजे,” असे ती म्हणाली. शिक्षकांनी तिचे म्हणणे अर्धेच मान्य केले. त्यांच्या मते दुःखातही माणूस असाच हट्टी आणि स्वार्थी होतो, फरक इतकाच की बहुतेकांच्या हाती जूडी लागत नाही. मॅडेलिन आणि जूडी साकारणाऱ्या किम नोव्हाक यांचा अभिनय मात्र त्या दोघांनीही एकमुखाने वाखाणला, आणि ते योग्यच आहे. जूडीच्या हॉटेलातल्या खोलीत हिरव्या प्रकाशातून बाहेर येताना त्यांच्या चेहऱ्यावर शरणागती आणि आशा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात.

मित्राच्या आई, म्हणजे आमच्या काकू, इतका वेळ चहाचे बघत होत्या. त्यांनी मध्येच विचारले, “त्या खऱ्या बायकोसाठी कोण रडलं?” आम्ही सगळे गप्प झालो, कारण उत्तर अगदी उघड होते आणि आमच्यापैकी कोणालाही ते सुचलेले नव्हते. दोन तासांहून थोड्या मोठ्या या चित्रपटात शोकच शोक भरला आहे, पण स्कॉटी जिच्यासाठी वेडा होतो ती मॅडेलिन कधी अस्तित्वातच नव्हती, आणि तिचे रूप घेणारी स्त्री जिवंत होती. जिचा खरोखर खून झाला त्या पत्नीला आपण जिवंतपणी ओळखतही नाही. तिच्या नवऱ्याने तिला मारले, जूडीने तिचे नाव पांघरले, आणि सत्य कळल्यावर स्कॉटी संतापतो तोही स्वतःच्या फसवणुकीवर. प्रेक्षक म्हणून आम्हीही संथपणा मोजत बसलो, रहस्य कधी फुटावे यावर भांडलो, आणि तिला मोजलेच नाही. ‘व्हर्टिगो’बद्दल मी आजवर जे वाचले आहे त्यातल्या बऱ्याच भागापेक्षा काकूंचा हा प्रश्न मला चित्रपटाच्या अधिक जवळ नेणारा वाटतो, आणि हिचकॉकलाही तो ठाऊक असावा असे मला वाटते, कारण चित्रपटात एल्स्टरला शिक्षा झालेली दिसतच नाही.

वास्तविक त्यासाठी एक जादा शेवट चित्रित झाला होता. मिज आणि स्कॉटी तिच्या घरी आहेत आणि एल्स्टरच्या मागावर असलेल्या पोलिसांची बातमी रेडिओवर लागली आहे, असा तो छोटा प्रसंग होता. प्रदर्शित चित्रपटात तो नाही आणि चित्रपट घंटाघरावरच थांबतो. तो वगळला हेच बरे झाले, असे मी त्या रात्री म्हणालो आणि आजही माझे मत तेच आहे, कारण त्या बातमीने प्रेक्षकाला स्वस्तात समाधान मिळाले असते. काकूंना ते पटले नाही. “ठेवायला पाहिजे होती की ती बातमी,” त्या म्हणाल्या, “तेवढं तरी तिच्या नावानं झालं असतं.”